रिद्धपूरचा मांडव, प्रभातचा पडदा

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना महदंबेच्या वाट्याला साधारणपणे एक तास येतो, तोही पुरता नाही. आद्य कवयित्री, नागदेवाचार्यांची चुलतबहीण, बालविधवा, चक्रधरांची जिज्ञासू शिष्या, धवळ्यांची कर्ती एवढे सांगून झाले की नरेंद्राकडे वळायची घाई असते. त्या तासात एक वाक्य मात्र हमखास उच्चारले जाते : धवळ्यांची रचना साधी, काहीशी शिथिल आहे, पण उत्स्फूर्त आहे. विद्यार्थी ते वाक्य तसेच उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि आपण त्याला गुण देतो. मीही ते पुष्कळ वर्षे उच्चारले आहे. त्या 'पण'मध्ये आपण काय कबूल करतो आणि काय झाकतो, याचा विचार अलीकडे, अगदी वेगळ्या वाटेने, म्हणजे चित्रपटातल्या गाण्यांच्या वाटेने करावासा वाटू लागला.

धवळ्यांच्या जन्माची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आला. गोविंदप्रभू म्हणजे गावाच्या दृष्टीने वेडे राऊळ, भक्तांच्या दृष्टीने पंचकृष्णांपैकी एक अवतार. खेळावे, रुसावे, कोणाच्याही घरात शिरून खावे, मध्येच हसावे, असे त्यांचे वागणे. म्हाइंभटाने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हे सारे छोट्या छोट्या प्रसंगांत नोंदलेले आहे. एकदा त्यांना विवाहाची प्रवृत्ती झाली. भक्तांनी ती लीला मानली, लग्नाची तयारी मांडली आणि महदाइसेला धवळे गाण्याची आज्ञा झाली. धवळे म्हणजे लग्नात वराला उद्देशून बायकांनी म्हणायची गाणी. समोर वर आहे, वधू नाही, वराला मुळात लग्न करायचे नाही, आणि तरीही गाणे हवे आहे, आत्ता हवे आहे. महदंबेने कृष्ण-रुक्मिणीचे लग्न गायला घेतले.

या निवडीकडे आपण पुरेसे थांबून पाहत नाही. तिच्यापुढचा प्रश्न काव्याचा नव्हता, मांडणीचा होता. नवरदेव पुढ्यात आहे, तो अवतार आहे, म्हणून गाणे कृष्णाचे असले तर समोरच्या माणसाला वेगळे रूप देण्याची गरज उरत नाही. ऐकणारा भक्त गोविंदप्रभूंकडे बघत बघत कृष्ण ऐकतो. वधू नाही, ती गाण्यातून येते. मांडवात जे दिसते ते गाण्यात सांगायचे नाही आणि जे दिसत नाही ते गाण्याने पुरवायचे, अशी ही वाटणी आहे. पूर्वार्धाचे ८३ आणि नंतर रचलेले उत्तरार्धाचे ६५ मिळून १४८ धवळे आज आपण छापील पानावर वाचतो. पानावर गोविंदप्रभू नसतात. मग एखादे संबोधन पुन्हा पुन्हा का येते, एक वर्णन अर्धवट सोडून गाणे पुढे का सरकते, एखाद्या ठिकाणी कथा धावते आणि एखाद्या ठिकाणी रेंगाळते का, हे कळत नाही, आणि आपण त्याला शैथिल्य म्हणतो. अर्धे चित्र पुसून टाकल्यावर उरलेल्या अर्ध्याला अपुरे ठरवण्यासारखे हे आहे.

हीच महदंबा पुढे 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' लिहिते तेव्हा वर्णमालेच्या क्रमाने ओव्या रचते. कथा तीच, कर्ती तीच. पण आता समोर वर नाही, मांडव नाही. रचनेला धरून ठेवणारा प्रसंग नाहीसा झाला म्हणून अक्षरांचा क्रम त्याच्या जागी आला. मला हा तिच्या कारागिरीचा पक्का पुरावा वाटतो. जिला केवळ उत्स्फूर्तच गाता येत होते, तिला ही गरज जाणवली नसती.

हल्ली ज्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात, त्याच्या दिग्दर्शकाची वाट याच्या नेमकी उलट असते. त्याच्या हाती गाणे तयार येते आणि त्याला प्रसंग शोधायचा असतो. महदंबेला प्रसंग तयार मिळाला आणि गाणे शोधायचे होते. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे. तिथे गाणे आणि दृश्य एकमेकांकडे बघत एकाच वेळी घडतात. मराठीत ही जागा पहिल्यांदा ज्याने जाणीवपूर्वक काबीज केली, तो माणूसही अमरावतीचाच होता. केशवराव भोळे १८९६ साली अमरावतीत जन्मले. रिद्धपूर आणि अमरावती यांच्यात मी काही वारसा जोडू पाहतो आहे असे कोणी समजू नये. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. त्यांची उकल होऊन त्या छापल्या जाऊ लागल्या तोवर विसावे शतक उजाडले होते. भोळ्यांनी रिद्धपूरचे धवळे गिरवले, असे मुळीच नाही. दोघांपुढचे कोडे एक होते, एवढेच माझे म्हणणे.

भोळ्यांचा प्रवास सरळ नाही. वैद्यकीचे शिक्षण अर्धे टाकून ते संगीताकडे आले, आणि संगीतातही आधी गाजले ते लिहिणारे म्हणून. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी गायकांवर लिहिलेले लेख म्हणजे मराठी संगीतसमीक्षेचा एक आरंभ मानला जातो. हा क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचे गाणे कुठे लांबले, कुठे अर्थाला सोडून गेले, कुठे केवळ टाळीसाठी थांबले हे ज्याने कागदावर तपासले, तोच पुढे स्वतः गाणी बांधायला बसला. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' असे आहे. या नावातला 'आणि' फार बोलका आहे. चाल लावणे ही एक गोष्ट आणि ती चाल कोणाच्या तोंडी, कशा उजेडात, कोणत्या आवाजांच्या सोबतीने येईल हे ठरवणे ही दुसरी. दोन्ही त्यांनी आपले काम मानले.

पहिली मोठी संधी रंगभूमीवर मिळाली. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले. ब्यर्न्सनच्या नाटकाचे हे रूपांतर, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या, आणि त्यांत भोळ्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई बिंबाच्या भूमिकेत. संगीत भोळ्यांचे. त्या काळच्या संगीत नाटकात पदांची रेलचेल असे. कथा थांबे, नट पुढे येई, 'वन्स मोअर' झाला की तेच पद पुन्हा रंगे आणि नाटक ताटकळत उभे राही. इथे गाणी मोजकी, भावगीताच्या वळणाची, आणि पात्राला गावेसे वाटण्याचे कारण असल्याशिवाय आलेली नव्हती. आज हे सांगताना त्यातले धाडस जाणवत नाही. पण गाण्यासाठीच नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकाला गाणे कमी देणे म्हणजे वऱ्हाडातल्या पंगतीत वरणावर तूप न वाढण्याइतके धाडसाचे होते.

बोलपटात हा प्रश्न आणखी बिकट झाला. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे हेच संगीतकार होते आणि आपली पदे स्वतः गात होते. सुरुवातीच्या बोलपटांत नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचा आणि वादक चौकटीबाहेर कुठेतरी दडलेले असायचे. म्हणजे रंगभूमीचीच मैफल, फक्त साजिंदे दिसेनासे झालेले. प्रेक्षकाला साथ ऐकू येते, पण ती कुठून येते हे कळत नाही. नाटकात हा प्रश्न पडत नसे, कारण पेटी आणि तबला सर्वांसमोर असत. पडद्यावर राजवाडा, अरण्य, स्मशान हे खरे भासू लागले आणि त्यात पेटीचा सूर परका वाटू लागला. १९३४ च्या 'अमृतमंथन'पासून भोळे प्रभातमध्ये संगीत देऊ लागले, आणि पुढची काही वर्षे 'हा सूर कुठून येतो?' हा प्रश्न त्यांच्या कामातून दिसत राहतो.

१९३७ च्या 'कुंकू'मध्ये त्याचे उत्तर टोकाला नेलेले आहे. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरचा हा शांतारामबापूंचा चित्रपट. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण मुलगी त्याला नवरा मानायला नकार देते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे आहेत. हा निर्णय दिग्दर्शकाचा, हे उघड आहे; पण तो निभावण्याचा भार संगीतकारावर. पार्श्वसंगीत काढून टाकले की गाण्याला उसना उंबरठा मिळत नाही. वाद्यवृंदाने हलकेच वातावरण तयार करावे आणि मग नायिकेने तोंड उघडावे, ही सोय गेली. मग गाणे घरातून, गल्लीतून, पात्राच्या स्वभावातूनच यायला हवे. शांता आपटे यांनी केलेली नीरा शिकलेली आहे, म्हणून ती लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते; सक्तीच्या लग्नात अडकलेल्या मुलीच्या तोंडी ती शाळकरी कविता आव्हानासारखी ऐकू येते. रस्त्यावर भीक मागणारा पोरगा बोलीभाषेत गातो, आणि त्या गाण्यातला धीर घरात कोंडलेल्या नीरेपर्यंत पोचतो. ही दोन गाणी एकाच संगीतकाराची आहेत हे ऐकताना ओळखू येत नाही, आणि ओळखू येऊ नये हीच त्यांची योजना असावी असे मला वाटते. मैफलीच्या गवयाला हे कमीपणाचे वाटले असते.

तरीही माझ्या दृष्टीने या पद्धतीचा कळस 'कुंकू' नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीचा 'संत तुकाराम' आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. दामले प्रभातचे ध्वनिमुद्रण सांभाळत आणि फत्तेलाल कलादिग्दर्शन. म्हणजे एक कानाचा माणूस आणि एक डोळ्याचा. गाणे दिसावे कसे, हा प्रश्न या जोडीइतक्या स्वाभाविकपणे दुसऱ्या कोणापुढे उभा राहिला नसेल. तुकारामाच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस आले. पूर्वी स्त्रीभूमिका केलेला हा गायक नट त्या अभंगांत इतका मिसळून गेला की पुढे अनेक घरांत तुकोबांचा चेहरा म्हणून त्याचाच चेहरा ठरला.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक युक्ती आहे. संगीताच्या इतिहासात तिची नोंद व्हायला हवी होती. तुकाराम डोळे मिटून, कोणासाठी नव्हे असे गातो. पाठोपाठ सालोमालो देवळात, जमलेल्या लोकांपुढे, तेच पद आपले म्हणून गातो. शब्द तेच. पण इथे ताना आहेत, हातवारे आहेत, दाद मिळवण्याची धडपड आहे. संवादाचे एक वाक्यही न उच्चारता चोरी कळते, आणि केवळ चोरीच नाही, दोन माणसांतला सारा फरक कळतो. सालोमालोच्या गाण्यात भोळ्यांनी संगीत नाटकातल्या गायकीचे जे विडंबन केले आहे, ते 'एकलव्य' या नावाने लेख लिहिणाऱ्या समीक्षकाचे आहे. शंभर ओळींच्या टीकालेखात जे मावणार नाही ते एका चालीत आणि तिच्या फुगवलेल्या आवृत्तीत मावले.

याच चित्रपटात एक विलक्षण गोष्ट घडली आहे. तिची गंमत आपण पुरती चाखलेली नाही असे मला वाटते. दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोची ही कथा. आणि या कथेतच एक पद असे आहे की जे तुकोबांचे नाही. बीज आणि वृक्ष यांच्या प्रतिमेवरचे ते पद शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिले. ते इतके बेमालूम उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारले. सालोमालो तुकोबांचे आपल्या नावावर घेतो आणि आठवले आपले तुकोबांच्या नावावर जाऊ देतात. उलट्या दिशेने झालेली ही चोरी कोणाला टोचली नाही, कारण ती प्रसंगाने करवून घेतली होती. पागनीसांचा चेहरा, भोळ्यांची चाल, दामल्यांनी टिपलेला आवाज आणि फत्तेलालांनी उभे केलेले गाव या चारांनी मिळून त्या शब्दांना तुकोबांची सही दिली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट गौरवला गेला. मराठी न येणाऱ्या परीक्षकांपर्यंत अभंग पोचले ते अर्थातच शब्दांनी नव्हे.

इथे पुन्हा रिद्धपूरकडे वळावेसे वाटते. महदंबेच्या जवळपासच्या काळात नरेंद्राने तेच रुक्मिणीस्वयंवर रचले. त्याच्याबद्दल परंपरा सांगते की रामदेवराय यादवाने ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले आणि ग्रंथ आपल्या नावावर मागितला. नरेंद्राने नकार दिला. हकीकत खरी असो वा रचलेली, तिच्यातून काव्याची एक कल्पना दिसते : ग्रंथ ही कर्त्याची मालमत्ता आहे, ती विकत घेता येते किंवा नाकारता येते. धवळ्यांबद्दल अशी कथा सांगितली जाणे शक्य नाही. ते कोणाचे? ज्यांना लग्नाची लहर आली त्या गोविंदप्रभूंचे, जिने गायले त्या महदंबेचे, मांडव घालणाऱ्या भक्तांचे, की त्या आधी शेकडो लग्नांत धवळे म्हणत आलेल्या अनाम बायकांचे? नरेंद्राला आपण कवी म्हणून वाचतो ते बरोबरच आहे. महदंबेला त्याच मापाने मोजून 'शिथिल, पण उत्स्फूर्त' म्हणतो, ते चुकते. आपल्याकडे जे माप आहे ते ग्रंथाचे आहे; प्रसंगाचे माप आपण तयार केलेले नाही.

ते नसल्याचे नुकसान चित्रपटाच्या बाबतीतही झाले आहे. प्रभातची गाणी आधी ध्वनिमुद्रिकांवरून आणि मग आकाशवाणीवरून घराघरांत गेली आणि प्रसंगापासून सुटली. पुढे दूरचित्रवाणीवर 'छायागीत'सारख्या कार्यक्रमांनी दृश्यासह गाणे दिले, पण कथेतून कापून. मला वाटते, आपल्याकडच्या म्युझिक व्हिडिओचे खरे बीज तिथे आहे. एमटीव्ही अमेरिकेत १९८१ साली सुरू झाली आणि १९९१ नंतर उपग्रहावरून आपल्याकडे आली, तोवर कथेपासून सुटे झालेले गाणे पाहण्याची सवय आपल्याला कधीच लागलेली होती. त्या वाहिनीने गाण्याखालच्या पट्टीत गायक आणि गीत यांच्यासोबत दिग्दर्शकाचे नाव द्यायला सुरुवात केली ती डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. तोवर त्या साऱ्या प्रतिमा गायकाच्याच समजल्या जात होत्या. ज्या धंद्यात श्रेयनामावली हा प्रतिष्ठेचा प्रश्न, तिथेही ही गत. मग तेराव्या शतकातल्या एका विधवा बाईच्या योजकतेला 'उत्स्फूर्त' म्हणून निरोप दिला गेला, तर नवल कसले?

वि. भि. कोलत्यांनी संपादलेले गोविंदप्रभूंचे चरित्र आणि धवळे ही दोन पुस्तके आपल्या अभ्यासक्रमात वेगवेगळ्या पत्रिकांत असतात. एक गद्यात, एक पद्यात. ती एकाच तासाला शेजारी ठेवून वाचावीत, एवढी साधी गोष्टही आपण करत नाही. २०२४ साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. निदान तिथे तरी, ज्या गावात तो मांडव पडला त्या गावात, ही पुस्तके एकत्र उघडली जावीत, अशी अपेक्षा करायला हरकत नाही.

असो. शेवटी एका लग्नाची गोष्ट. १९४४ च्या 'रामशास्त्री'वर नाव गजानन जागीरदारांचे, पण त्याच्या दिग्दर्शनात विश्राम बेडेकरांचाही हात होता, आणि संगीतात भोळ्यांचा. जागीरदार, बेडेकर आणि भोळे, तिघांचाही जन्म अमरावतीचा. हा योगायोगच. त्या चित्रपटात बाल रामशास्त्री आणि त्याची बालवधू यांच्या तोंडी आठवल्यांचे एक गाणे आहे. खेळाच्या डावाची उपमा घेऊन आयुष्याविषयी काही सांगणारे. त्याची पहिली ओळ आज श्रद्धांजलीच्या सभांत, निवृत्तीच्या भाषणांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सर्रास वापरली जाते आणि म्हाताऱ्या माणसाचे तत्त्वज्ञान म्हणून ऐकली जाते. गाणारी दोन मुले आहेत. लग्न म्हणजे काय हे त्यांना अजून नीटसे कळलेले नाही.